वन्संच्या अंगावरचा कोट

४ मार्च

आज रुजू झाले. सह्या ठोकल्या, ओळखपत्राचा फोटो काढला (त्यात मी पकडून आणल्यासारखी दिसते) आणि आमचा विभाग कुठे म्हणून विचारलं, तर जो तो बोट खाली दाखवतो. तळघर. किरणोपचाराचा विभाग कुठेही जा, तळघरातच असायचा. मशीनच्या खोलीच्या भिंती इतक्या जाड की वरच्या मजल्याला त्यांचं वजन पेलायचं नाही, एवढंच कारण. पण लोकांना उगीच वाटतं, आम्ही काहीतरी लपवतो.

खाली मात्र छान आहे. भिंतींना नवा रंग, कंट्रोल रूममध्ये नव्या खुर्च्या, मला स्वतंत्र टेबल. खिडकी नाही. आधीच्या नोकरीत खिडकी होती आणि तिच्यातून जनरेटर दिसायचा, तेव्हा तक्रार नाही.

माझं काम नेमकं काय, हे सासूबाईंना अजून कळलेलं नाही. त्या शेजारी सांगतात, सून कॅन्सरच्या दवाखान्यात मशीनवर असते. तसं चुकीचं नाही. कुठे किती किरण द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. ते तिथेच आणि तेवढेच पोचतात की नाही, हे बघायला मी. मशीन रोज मोजायचं, प्रत्येक पेशंटचा प्लॅन तपासायचा, आणि हे शिकवणारं हॉस्पिटल असल्यामुळे शिवाय विद्यार्थी गळ्यात. मला हे आवडतं. मोजल्याशिवाय मी कशावरच विश्वास ठेवत नाही. नवरा म्हणतो, लग्नाला होकार देतानाही मी फूटपट्टी घेऊनच बसले होते.

मोठ्या सरांना, म्हणजे विभागप्रमुखांना, पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की मला पाचवा लागलाय. लपवण्यासारखं काय आहे? नऊ वर्षं वाट बघितली आहे. दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेला. या वेळी सगळं नीट चाललंय आणि नीटच होणार. सरांनी अभिनंदन केलं आणि त्याच श्वासात माझ्या रजेच्या तारखा विचारल्या.

सेफ्टीवाल्या काकांनी दोन बॅज दिले. एक छातीवर लावायचा, सगळेच लावतात. अंगावर किती किरण पडले ते त्यात नोंदलं जातं आणि तीन महिन्यांनी प्रयोगशाळा ते वाचते. दुसरा पोटाशी लावायचा, तो फक्त माझ्यासारखीला. काका म्हणाले, हा छोट्या कर्मचाऱ्याचा, आमच्याकडचा सगळ्यात ज्युनियर. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पगार नाही पण बॅज मिळाला त्याला, किंवा तिला.

नवऱ्याचं म्हणणं होतं, बाळ होईपर्यंत घरी बस. त्याला मी आकडे दाखवले. भिंतीच्या या बाजूला जवळजवळ काहीच पोचत नाही. तो गप्प बसला. पटलं म्हणून नाही, माझ्याशी वाद घालून दमतो म्हणून. त्याची नोकरी दुसऱ्या गावी, शनिवारी येईल.

६ मार्च

सकाळी मशीन गरम व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात हे लिहिते. समोर चहा, शेजारी ताई. ताई म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या टेक्नॉलॉजिस्ट. पेशंटला टेबलावर नीट झोपवणं, खुणा जुळवणं, सगळं त्यांच्या हातात. बोलतात कमी आणि सगळ्यांना ‘अगं’, ‘अरे’ करतात, सरांनासुद्धा करायला कमी करणार नाहीत.

काल त्यांनी माझी वन्संशी गाठ घालून दिली.

वन्सं म्हणजे आमचं फँटम. नव्या पद्धतीचा प्लॅन माणसावर चालवण्याआधी खोट्या माणसावर चालवून बघायचा असतो, तो खोटा माणूस. डोकं आणि धड, हात नाहीत, मांड्यांपाशी संपतं. मेणासारख्या पिवळट प्लास्टिकचं, आणि पावासारखं आडवं कापलेलं. बोटबोट जाडीचे काप एकावर एक रचून लांब स्क्रूंनी आवळलेले. मोजमापाच्या चिप्स ठेवायच्या असल्या की स्क्रू सोडून काप वेगळे करायचे. कापांत ओळीनं भोकं आहेत, त्यांत चिप्स बसतात.

आणि आत खरी हाडं. हल्ली तशी करत नाहीत, पण हे फार जुनं आहे. कवटी, मणके, बरगड्या, सगळं कुणा एका बाईचं. कुणाचं, ते कुणालाच माहीत नाही. चेहऱ्यावर मिटलेले डोळे आणि जरासं वैतागलेलं तोंड. घरातल्या सगळ्यांवर लक्ष ठेवून काडीचं काम न करणाऱ्या नणंदेसारखं दिसतं, म्हणून वन्सं. माझ्या नवऱ्याला बहीण नाही. ती कसर इथे भरून निघाली.

विद्यार्थी म्हणाले, मॅडम, वन्संना नमस्कार सांगा. मी वाकून सांगितला. ताई हसल्या नाहीत, पण त्या कशालाच हसत नाहीत.

११ मार्च

आज माझ्या हातून असा गाढवपणा झाला की लिहितानाही हसू येतंय. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा असं करत नाहीत.

दुपारी विद्यार्थ्यांना ओटीपोटाचा प्लॅन वन्संवर चालवून दाखवायचा होता. स्टोअरमधून मशीनपर्यंत नेताना त्यांच्यावर चादर घालतात, कारण कॉरिडॉरमध्ये पेशंट बसलेले असतात आणि बिनहाताचं धड ढकलगाडीवरून जाताना बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. चादर धुवायला गेली होती. बाकावर एक म्हातारी बाई, पहिल्याच दिवसाची, रुमालाचा बोळा करून बसलेली. मी आपला अंगातला कोट काढला आणि वन्संना घातला. पोरांनी हौसेनं बटणंही लावली.

खोलीत गेलो आणि नवऱ्याचा फोन आला. मी बाहेर येऊन बोलत राहिले, पोरांनी वन्संना टेबलावर ठेवलं, खुणा जुळवल्या, दरवाजा लावला. किरण सोडायच्या खोलीत कोट ठेवायचा नाही हा आमचा अगदी पहिला नियम, कारण कोटाला बॅज असतो. मीच पोरांना त्यावरून दम देते. फोन ठेवून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितलं तर टेबलावर पांढरा कोट घालून कुणीतरी झोपलेलं आणि मशीन तिच्याभोवती फिरतंय. क्षणभर मला वाटलं मीच आहे ती. तोपर्यंत प्लॅन पूर्ण झाला होता.

दोन्ही बॅज कोटावर होते. छातीचा आणि पोटाचा.

काकांकडे गेले, सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "कागदावर तुम्ही आज गेलात, बाई." मग त्यांचं लक्ष दुसऱ्या बॅजकडे गेलं आणि त्यांनी जीभ चावली. बॅज ताबडतोब प्रयोगशाळेला पाठवतो म्हणाले, नवे देतो, एक खुलासा लिहून द्या. दिला. नियमाप्रमाणे सगळं झालं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला नाही. मी म्हटलं, अरे, कोटाला लागलंय, मला नाही.

१४ मार्च

मळमळ थांबली. एकदम, बटण बंद केल्यासारखी. इतके दिवस चहाच्या वासानंही ढवळायचं, आज दोन कप प्यायले. बरं वाटलं पाहिजे, वाटतंयही.

एक गोष्ट लिहून ठेवते. घशाच्या उपचाराला येणारे एक टेलरकाका आहेत. परवा पहिल्या दिवशी, मान हलू नये म्हणून मुखवटा घालून टेबलाला जखडल्यावर फार घाबरले होते. आज मला कॉरिडॉरमध्ये थांबवून, आवाज बसलाय तरी खरखरत म्हणाले, "तुम्ही आत माझा हात धरून थांबलात, म्हणून निभावलं. हात फार गार आहेत तुमचे."

मी आत नव्हते. आत कुणीच नसतं, कुणी असूच शकत नाही; दरवाजा लागल्याशिवाय मशीन सुरू होत नाही आणि दरवाजा लावण्याआधी ताई खोली फिरून बघतात. मी टेलरकाकांना तसं म्हटलं नाही. औषधांनी भास होतात. त्यांना धीर आला ना, झालं तर मग.

पण दुपारी त्या दिवशीचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. टेबलावर टेलरकाका, एकटे. फक्त त्यांचा उजवा हात टेबलाच्या बाहेर आलाय, आणि बोटं मिटलेली आहेत, काहीतरी धरल्यासारखी.

१८ मार्च

विद्यार्थ्यांच्या सरावासाठी वन्संचा सीटी स्कॅन काढला. प्लास्टिक आहे, वर्षानुवर्षं तेच चित्र येतं. आज ओटीपोटात एक काळसर ठिपका आला. वाटाण्याएवढा. पोरं म्हणाली, दोन कापांमध्ये हवा राहिली असेल. बरोबर आहे, मीही तेच म्हणाले असते. स्क्रू आवळले, पुन्हा स्कॅन केला. ठिपका तिथेच. उलट जरा मोठा वाटला, पण तो वेगळ्या कोनामुळे.

संध्याकाळी माझी सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाई बराच वेळ नुसता तो गार यंत्राचा दांडा फिरवत होत्या. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, आज गप्प. मग सापडले ठोके. बाळ जरा मागे दडून बसलंय म्हणाल्या, आणि ठोके लांबून आल्यासारखे येतात, पण आहेत. जीव भांड्यात पडला. नवऱ्याला लगेच फोन केला. लांबून आल्यासारखे, हे सांगितलं नाही.

२१ मार्च

बॅजचा निकाल आला. सेफ्टीवाल्या काकांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं, तेव्हाच कळलं की काहीतरी आहे. आकडा अपेक्षेइतकाच, म्हणजे माणूस जगणार नाही एवढा. तो कोटाला लागलाय हे सगळ्यांना माहीत आहे. भानगड वेगळीच.

बॅज एखाद्या निर्जीव वस्तूवर पडून राहिला असला तर आतल्या पट्ट्यांची सावली रेखीव उमटते. जिवंत अंगावर असला तर सावली पुसट होते, कारण माणूस हलतो. प्रयोगशाळेनं दोन ओळी लिहिल्या आहेत. दोन्ही सावल्या पुसट. बॅज लावणारी व्यक्ती श्वास घेत होती, असं त्यांचं मत. म्हणून नियमाप्रमाणे माझी रक्ततपासणी करा.

काका माझ्याकडे बघेनात. मला पुन:पुन्हा विचारत होते, तुम्ही नक्की बाहेर होतात ना? पोरं साक्षीला आहेत, ताई साक्षीला आहेत. मी फोनवर होते. मी बाहेर होते.

मग आत कोण होतं श्वास घेत?

आता मला भीती वाटतेय. इथे लिहायला काय हरकत आहे, कुणी वाचत नाही. भीती वाटतेय.

२५ मार्च

पोटावर रेघा आल्यात. आडव्या, बारीक, एकमेकींपासून अगदी सारख्या अंतरावर. आधी वाटलं सलवारीच्या इलॅस्टिकचा वळ असेल. मग वाटलं पोट वाढताना कातडी ताणते तशा. पण त्या वेड्यावाकड्या असतात. या सरळ आहेत. फूटपट्टी लावली. छातीपासून मांड्यांपर्यंत, बोटबोट अंतरावर.

मी मोजलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी स्टोअरमध्ये गेले आणि वन्संच्या गालाला हात लावला. का लावला माहीत नाही. गाल कोमट होता. स्टोअरमध्ये एसी असतो. माझा हात मात्र बर्फासारखा, म्हणून कोमट लागला असेल. असेल.

तिथेच ताईंना बोलावून रेघा दाखवल्या. त्यांनी बघितल्या, माझा कुर्ता खाली ओढला आणि माझ्या अंगावर चादर घातली. वन्संची चादर. सवयीनं घातली असेल. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ती झटकन ओढून घेतली आणि रडायला लागल्या. ताईंना रडताना बघून माझं धाबं दणाणलं. त्या म्हणाल्या, रजा टाक अगं, इथून जा, नवऱ्याकडे जा. मीही तेच ठरवलं. बाळाला घेऊन जायचं इथून. नोकऱ्या काय, छप्पन मिळतील.

२७ मार्च

रक्त निघालं नाही. नर्सनं दोन्ही दंडांवर प्रयत्न केला. म्हणाली, मॅडम, शीर लागत नाही. तिसऱ्यांदा सुई वाकली. ती हसली, मी हसले. सुई कुठे टोचली ते मला कळलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंकडे तशीच गेले. पोटावर दांडा ठेवला आणि स्क्रीन सगळी करडी. एकसारखी. बाळ नाही, पिशवी नाही, काहीच नाही. त्या म्हणाल्या मशीन बिघडलंय, दुसऱ्या मशीनवर बघू. मशीन बिघडलेलं नव्हतं. तसलं चित्र मला पाठ आहे. प्लास्टिकचं असंच येतं.

दुसऱ्या मशीनवर मी गेले नाही. मी खाली आले. कारण माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती मोजल्याशिवाय मला राहवणार नव्हतं.

ताईंना बरोबर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर असताना, वन्संना सीटीवर ठेवलं. एक एक काप स्क्रीनवर येत गेला. खांदे. बरगड्या. कंबर. आणि मग ओटीपोट.

पाठ वाकवून, गुडघे पोटाशी घेऊन. डोकं केवढं, बोटं केवढी. अंगठा तोंडाशी. मध्ये एक ठिपका फडफडत होता.

माझं बाळ आहे ते. मला ते कुणी सांगायची गरज नाही.

ताईंनीही बघितलं. मी विचारलं, दिसतंय ना? त्यांनी मान हलवली. म्हणजे मी वेडी नाही. म्हणजे बाळ आहे, जिवंत आहे, फक्त माझ्याकडे नाही.

२८ मार्च

रजेचा अर्ज फाडला. आता कशी जाऊ? बाळाला इथे ठेवून?

सगळं बॅजनं झालं. छातीचा बॅज माझा, पोटाचा बाळाचा. कोट वन्संच्या अंगावर, श्वास वन्संचा. त्या दिवशी टेबलावर कागदोपत्री मी होते. माझ्या पोटात कागदोपत्री बाळ होतं. जिथे बॅज तिथे माणूस, हाच आमचा हिशोब आहे, आम्हीच ठरवलेला.

उलटं करता येईल. मी टेबलावर झोपेन, बॅज लावून, तेवढाच डोस, तीच जागा. मग जे माझं ते माझ्याकडे येईल. मी मेले तरी — नाही, मग बाळाचं काय? विचार पुरा होत नाही.

ताईंना म्हटलं, बटण तुम्ही दाबा. त्या म्हणाल्या, मेले तरी दाबणार नाही.

आणि आता हे. सरांना पेपर लिहायचाय. सोमवारी वन्संचा एकेक काप मोकळा करून सगळीकडे चिप्स भरायच्या आहेत. विद्यार्थी करतील. पोरांनी स्क्रू सोडायचे पानेही काढून ठेवलेत.

काप मोकळे करणार. बाळ त्या कापांमध्ये आहे. पाठ एका कापात, डोकं दुसऱ्यात.

सरांकडे गेले. हात जोडले. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, मुलीसारखी समजूत घातली. अशा दिवसांत मन हळवं होतं म्हणाले. स्कॅन दाखवला. त्यांना प्लास्टिक दिसलं. मलाही त्या वेळी प्लास्टिकच दिसलं.

२९ मार्च

नवरा आला. हात हातात घेतला आणि सोडला. नंतर पुन्हा घेतला, चोळत राहिला. ऊब येईना. रात्री पोटाला कान लावून झोपतो, आज लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग उठून गच्चीवर गेला. त्याला काहीच ऐकू आलं नसणार. मी विचारलं नाही.

त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, सोमवारी मी स्वतः तुला घ्यायला येतो तिथून, आणि पुन्हा तिथे पाऊल टाकायचं नाही. माझा विश्वास आहे म्हणाला. नाही त्याचा. पण म्हणाला.

३० मार्च

डावा हात गेला. दुखत नाही. नुसता नाही. दिसतो, पण माझा नाही. बशी पडली तेव्हा कळलं.

पायांचंही तसंच, मांड्यांपासून खाली. नवरा बाथरूमपर्यंत उचलून नेतो. डॉक्टरला बोलावतो म्हणाला. मी नको म्हटलं. आज मला दवाखान्यात भरती केलं तर उद्या तिथे कोण असणार? उद्या बाळाला कोण वाचवणार?

त्याच्याकडून वचन घेतलं. सकाळी मला विभागात सोड, स्टोअरच्या दारात खुर्चीवर बसव. मी दारात बसले तर मला ओलांडून कुणी आत जाणार नाही. गरोदर बाईला कोण ढकलतं.

तो हो म्हणाला. रडत होता.

३१ मार्च

बसलेय. स्टोअरमध्ये. दारात नाही, आत. आत कशी आले —

नवऱ्यानं खुर्चीवर बसवलं. गाडी लावून येतो म्हणाला. मग दार आतून उघडलं.

वन्सं ढकलगाडीवर नाहीत. गाडी रिकामी होती. आता रिकामी नाही. मी आहे गाडीवर.

चादर अंगावर. कुणी घातली? कोट नाही. माझा कोट कुठे —

उजवा हात चालतोय. कोपरापासून. रोजनिशी चादरीखाली आहे.

ताई नाहीत आज. रजेवर.

पोरं आली. दोघं. पाने वाजतात. वन्सं आज जड झाल्यात म्हणाली. अरे मी आहे. मी मॅडम. तोंड उघडत नाही. एकानं चादरीवरून नमस्कार केला.

ओढत नेतायत.

कॉरिडॉर. थांबले. कुणीतरी बोलतंय त्यांच्याशी. मॅडम म्हणतात तिला.

माझा आवाज.

"ओटीपोटापासून सुरू करा. घाई करू नका, काप जपून ठेवा."

माझाच. चप्पलही माझी. चादरीच्या फटीतून दिसतं. पांढरा कोट, पुढे पोट. केवढं दिसतं आता. एक हात पोटाखाली धरलाय. तसाच धरायचा असतो.

नवरा आला. तिचा हात हातात घेतला. म्हणाला, अगं, ऊब आली की हाताला. हसला. किती दिवसांनी हसला.

मी ओरडू शकते. घशात अजून थोडा आवाज आहे. एकदाच निघेल. तो वळेल, चादर काढेल, बघेल —

आणि ती? पळेल. पडेल. पोटावर.

नाही. नाही ओरडणार.

दंडाशी थंड काहीतरी. पाना. पहिला स्क्रू सैल झाला. दुखत नाही. बोटं — आता अंगठा आणि एकच —

चालली ती दोघं. जिन्याकडे.

वन्सं, हळू. ओली असते फरशी तिथे. कठडा धरा. पोटाला धक्का नका लागू दे—